शाकाहारी माणसाची मासेमारी

हे मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. चकलीच्या डब्यांनी टेबलाचा जो एक कोपरा माझ्यासाठी सोडला आहे, त्यात लॅपटॉप मावतो, कोपर मावत नाही. पराग, म्हणजे माझा नवरा, हल्ली ओट्याशी उभा राहून जेवतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. या सहनशीलतेचं कारण मासेमारी आहे, आणि ते समजायला आमच्या ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडची सगळी हकिगत ऐकावी लागेल. ऑस्ट्रेलियात येऊन बास नावाचा मासा धरायचा ज्यांचा बेत असेल त्यांनी ती जरूर वाचावी. ज्यांच्या नवऱ्याचा असेल त्यांनी दोनदा वाचावी.

आधी आमची ओळख. पराग पुण्याचा. त्याच्या घरात अंड्याचं नावसुद्धा जरा आवाज खाली घेऊन काढतात. मी अलिबागची, मासे नसतील त्या दिवशी आमच्याकडे कुणी आजारी आहे का अशी चौकशी व्हायची. आम्ही भेटलो वॉलॉंगॉंगला, शिकत असताना. तिथे दोघंही पैशांअभावी डब्यातले बीन्स खाऊन जगत होतो, त्यामुळे लग्न ठरेपर्यंत माशांचा विषयच निघाला नाही. आता सिडनीत, गिरावीनमध्ये, भाड्याच्या घरात आमची मांडवली अशी आहे की माझे मासे माझ्या कढईत, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून.

अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी त्याच्या ऑफिसने मजेखातर मासेमारीला नेलं. मी मनात म्हटलं, गेलं बिचाऱ्याचं सोवळं. तो परत आला तो डोळे चमकवत. बास धरणारे बहुतेक शौकीन मासा खात नाहीत, असं त्याला कळलं होतं. गळाला लागला की ओल्या हातांनी धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि जपून पाण्यात सोडून द्यायचा. म्हणजे ज्या मासेमारीत स्वयंपाकच नाही अशी मासेमारी. ती आपल्यासाठीच कुणीतरी काढली आहे अशी परागची खात्री पटली, आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या गॅरेजमध्ये दोन माणसांची कयाक नावाची होडी, चार काठ्या, त्यांची रिळं आणि रंगीबेरंगी प्लास्टिकचे किडे येऊन राहिले. गाडी रस्त्यावर गेली.

या तीन वर्षांत परागला मिळालेल्या गोष्टी सांगायच्या तर फांद्या, शेवाळ, एक वाम, कुणाचा तरी बूट आणि स्वतःची टोपी. बास नाही.

इकडे माझंही एक खूळ होतं. मी रक्ततपासणीच्या केंद्रात रक्त काढते. काम वाईट नाही, पण दिवसभर लोक माझ्याकडे तोंड फिरवून बसतात. दिवाळीत मात्र मी फराळाचे डबे करते तेव्हा हेच लोक दारात हसत उभे राहतात. या वर्षी मी शिफ्ट कमी करून घेतल्या, काउन्सिलची परवानगी काढली, ऑर्डरी घेतल्या. डबे भरायला आणि ठेवायला जागा तेवढी नव्हती. जागा होती, पण तिच्यात कयाक झोपलेली होती.

गणपतीत समीरच्या घरी यावरून आमची भर पंगतीत जुंपली. समीर हा आमचा वॉलॉंगॉंगपासूनचा मित्र, ती कयाक परागच्या गळ्यात मारणाराही तोच. त्याने लगेच पंचाची टोपी घातली. दिवाळीच्या आत परागने एक बास धरून दाखवायचा. धरला तर मी गॅरेजचं नाव काढायचं नाही. नाही धरला तर कयाक विकायची आणि गॅरेज माझं.

"आणि फोटो पाहिजे मेट," समीर म्हणाला. "फोटो नाही तर बास नाही."

मी आनंदाने हो म्हटलं. तीन वर्षांचा अनुभव माझ्या बाजूने होता.

गिरावीन, दसरा

लाँग वीकेंड यंदा दसऱ्याला लागूनच आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची. आमच्याकडे हत्यारं म्हणजे दोन लॅपटॉप आणि माझा चकलीचा सोऱ्या. यंदा परागने त्यांच्या शेजारी पाटावर काठी आणि रीळ ठेवलं आणि पुण्याला आईंना व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मासे धरायची काठी, आई. पण आम्ही मारत नाही. सोडून देतो."

"मग धरता कशाला?"

तीन वर्षं मी हाच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत विचारत होते. सासूबाईंबद्दल मला एकदम आदर वाटला. पराग खेळाडूपणा, निसर्ग वगैरे बोलू लागला तेव्हा त्यांनी हात हलवून तो विषय मिटवला.

"असू दे. हिंसा नाही ना, झालं तर मग. मंजिरी, नीट कर गं पूजा. नुसत्या काठीला नको, त्या चाकालाही लाव. गाडीला लावतेस तसं."

सासूबाईंचा शब्द मी मोडत नाही, विशेषतः व्हिडिओ चालू असताना. काठीला हळद लावली, रिळाला भरपूर ओलं कुंकू लावलं आणि वर सढळ हाताने अक्षता वाहिल्या. प्लास्टिकच्या किड्यांनाही एकेक बोट लावलं. मग ड्राइव्हवेवर कयाकच्या नाकासमोर नारळ फोडला. शेजारचे लेबनीज आजोबा हातात पाण्याची नळी धरून हे सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, नवीन घेतली का. पराग म्हणाला, नाही, जुनीच आहे. आजोबा बराच वेळ एकाच गुलाबाला पाणी घालत राहिले.

लेक सेंट क्लेअर

शुक्रवारी सुट्टी टाकून आम्ही निघालो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की टपावर कयाक बांधली की ती वाऱ्याने शिट्टी वाजवते, आणि परागला ती शिट्टी ऐकू येत नाही. सिंगलटनच्या पुढे, डोंगरांच्या कुशीत, धरणाचं मोठं निळं पाणी आहे. काठावर हिरवळ, हिरवळीवर तंबू, तंबूंमधून कांगारू आपल्या वडिलांची जागा असल्यासारखे चरतात. जागा सुंदर आहे, हे मला मान्य करावं लागलं. मी ते मोठ्याने केलं नाही.

या धरणातल्या बासची एक गंमत आहे. हा मूळचा नदीचा मासा. थंडीत तो अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे जातो, बाळंतपणाला माहेरी जावं तसा. म्हणून त्या दिवसांत नदीतला बास घरी न्यायला बंदी असते. धरणातल्याला माहेरची वाटच बंद, त्यामुळे तिथे तो वाढतो, पण त्याची पिल्लं होत नाहीत. दरवर्षी बाहेरून पिल्लं आणून सोडावी लागतात. म्हणजे आधी माणसांनी सोडायचे, मग माणसांनी धरायचे, आणि मग परत सोडायचे. या देशात वेळेची टंचाई आहे असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

आमच्या शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये ग्लेनिस नावाच्या बाई होत्या. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, सोबत बिस्किट नावाचं म्हातारं कुत्रं. आपल्याकडे शेजारी तंबू लागला की पहिल्या पाच मिनिटांत गाव, नोकरी आणि मुलं किती हे तिन्ही निघतं. ग्लेनिसबाईंनी आम्हाला फक्त विचारलं, "चहा?" मी त्यांना थालीपीठ दिलं. त्यांनी ते टोमॅटो सॉस लावून खाल्लं आणि आणखी एक मागितलं. सॉसबद्दल मी त्यांना माफ केलं.

परागने त्यांना बासबद्दल विचारलं, आणि विचारायचाच अवकाश, आजूबाजूचे तीनचार जण खुर्च्या घेऊन जमले. आता त्यांचे मोफत सल्ले तुमच्यासाठी देते. बास खोल पाण्यात असतो. बास काठाशी गवतात असतो. ल्युअर, म्हणजे ते प्लास्टिकचं आमिष, काळंच पाहिजे. जांभळं नसेल तर घरी बसा. ओढायचं हळू. हळू ओढलं तर मासा हसतो. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: जायचं ते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, "आर्व्हो इज यूसलेस, मेट," म्हणजे दुपार फुकट. मग सगळे जण भर दुपारी होड्या घेऊन पाण्यात गेले.

शनिवारी आम्हीही उतरलो. कयाकमध्ये पुढे मी, मागे पराग. पुढच्या माणसाचं काम वल्हं मारणं, आणि गळ मागून भिरभिरत येतो तेव्हा मान खाली घालणं. पराग गवताच्या कडेने ल्युअर टाकत होता. टाकायचा, थांबायचा, ओढायचा. मध्येच म्हणाला, "रीळ जरा जड चालतंय गं."

"तेल घाल," मी म्हटलं. मला रिळातलं काय कळतं.

दुपारी वारा सुटला. धरणावरचा वारा हा एक वेगळाच नातेवाईक आहे, न सांगता येतो आणि लवकर जात नाही. आम्ही वल्हं मारत होतो एकीकडे, कयाक चालली होती दुसरीकडे. पराग या सगळ्याचा व्हिडिओ काढायला गेला. फोनने त्याच्या हातातून एकदाच उडी मारली आणि लेक सेंट क्लेअरच्या तळाशी गेला. तीन वर्षांत परागने पाण्यातून जेवढं काढलं त्यापेक्षा जास्त किमतीचं त्या दिवशी आत सोडलं.

काठावर आलो तर मॅगपाय. वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, हे काळेपांढरे पक्षी पिल्लांच्या काळजीने माणसांच्या डोक्यावर झडप घालतात. त्याने पन्नास माणसं सोडून परागचं डोकं निवडलं. पराग वल्हं डोक्यावर धरून पळत होता, बिस्किट भुंकत होतं, आणि ग्लेनिसबाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बघ, लव्ह. मग तो येत नाही." परागने वर बघितलं. मॅगपाय आला.

रात्रीच्या जेवणाची तयारी करताना, म्हणजे मी पिठलं ढवळत असताना आणि पराग डोक्याला बर्फ लावून बसला असताना, ग्लेनिसबाईंनी सुचवलं, "इथले मासे फार शिकलेले आहेत. तुम्ही नदीवर जा. विल्यम्सला."

"तुम्हाला तिथे मिळाला होता?" परागने विचारलं.

"नाही. पण तिथे सावली चांगली आहे."

एवढ्या भक्कम आधारावर आम्ही पिठलं डब्यात भरलं, तंबू आवरला आणि उजेड असतानाच निघालो.

विल्यम्स नदी

क्लॅरन्स टाउन हे नदीकाठचं छोटंसं गाव आहे. एक पब, एक बेकरी, आणि नदीला लागून तंबू ठोकायची जागा. नदी अरुंद, शांत, चहाच्या रंगाची. काठाला ओळीने सुरूची झाडं. इथे त्यांना रिव्हर ओक म्हणतात, पण मी ती आवाजावरूनच ओळखली. अलिबागच्या किनाऱ्यावर वारा आला की सुरू जसे सुसकारे टाकतात, तसेच हेही टाकत होते. मला एकदम घरची आठवण आली आणि पाठोपाठ तळलेल्या बोंबलांची.

रविवारी पहाटे इथल्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे जायची होती, हे आम्ही विसरलो. परागचा फोन धरणात, म्हणून गजर माझ्या फोनवर लावलेला. फोन हुशार, तो आपणहून पुढे गेला. आम्ही उठून, आवरून, कयाक पाण्याशी नेऊन बघतो तर उजेडाचा पत्ता नाही. मग लाइफजॅकेट घालून काळोखात चहा पीत बसलो. परागने त्या वेळेचा उपयोग मला शिकवण्यासाठी केला, आणि त्यातलं जे खरंच उपयोगाचं आहे ते इथे सांगून टाकते, म्हणजे हे प्रवासवर्णन अगदीच वाया जाणार नाही.

नदीतला बास आळशी असतो. तो पाण्यात पडलेल्या झाडाखाली, वाकलेल्या फांदीच्या सावलीत बसून राहतो आणि वरून किडा पडायची वाट बघतो. म्हणून ल्युअर टाकायचं ते फांदीला जवळजवळ खेटून. चार हात अलीकडे पडलं तर तो उठण्याची तसदी घेत नाही. ल्युअर पाण्यावर पडलं की लगेच ओढायचं नाही. पाण्यावर जी वर्तुळं उठतात ती पार विरेपर्यंत थांबायचं. मग किंचित हलवायचं, दमलेल्या किड्यासारखं, आणि परत थांबायचं. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तो आजारी पडतो. आणि गळाचे उलटे काटे चिमट्याने आधीच दाबून ठेवायचे, म्हणजे गळ लगेच सुटतो.

हे सगळं ऐकून मला वाटलं, एवढी वर्षं मी कोळणीशी फक्त भावाची घासाघीस करत आले.

त्या दिवशी परागने ल्युअर फांदीला इतकं खेटून टाकलं की अर्ध्या वेळा ते फांदीवरच बसलं. सुरूच्या झाडांना दिवाळीआधीच रंगीत दागिने झाले. मी फोटो काढत होते, सासूबाईंना पाठवत होते, सासूबाई उत्तरादाखल हात जोडलेले पाठवत होत्या. दुपारी आम्ही काठावर येऊन दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. माझ्या फोनची बॅटरी तोवर संपली होती. तो पॉवर बँकेला लावून तंबूत ठेवला आणि ऊन कलल्यावर आम्ही परत पाण्यात गेलो. रीळ आता इतकं जड झालं होतं की पराग ते जातं ओढल्यासारखं फिरवत होता.

वळणापलीकडे एक मोठं झाड पाण्यात आडवं पडलेलं होतं. सूर्य सुरूंच्या मागे गेला होता. परागने बराच वेळ काही टाकलं नाही. मग मागून त्याचा आवाज आला.

"उद्या गेलो की कयाक विकायला टाकतो. समीरलाच विचारतो, परत घेतोस का."

"अजून उजेड आहे," मी म्हटलं.

"नको गं. तुझ्या ऑर्डरी आल्यात. मी उगाच तीन वर्षं जागा अडवून बसलो."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. मॅगपायने ओरबाडलेलं कपाळ, उन्हाने लाल झालेलं नाक, आणि चेहऱ्यावर नाराजी नाही, राग नाही, नुसता दमलेला. मी जिंकले होते. गॅरेजच्या कुठल्या भिंतीला कुठलं शेल्फ लावायचं हे माझं ठरलेलं होतं. आणि मला अजिबात आनंद झाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि त्याचाच रागही आला, कारण माणसाने नीट भांडून तरी हरावं.

"तिथे टाक," मी झाडाकडे बोट दाखवून म्हटलं. "त्या फांदीच्या खाली. शेवटचं."

त्याने टाकलं. ते फांदीवर बसलं नाही. फांदीखाली, काळ्या सावलीत, टप्प करून पडलं. वर्तुळं उठली. आम्ही दोघंही थांबलो. वर्तुळं मोठी होत गेली, पुसट झाली, विरली. परागने काठीचं टोक किंचित हलवलं.

पाणी फुटल्यासारखा आवाज आला आणि ल्युअर दिसेनासं झालं.

काठी वाकली. पराग रीळ फिरवायला गेला आणि रीळ हललं नाही. पुढे नाही, मागे नाही. दोरा ताणून सरळ उभा राहिला, मासा झाडाकडे ओढायला लागला, आणि झाडात शिरला की दोरा तुटणार हे मलासुद्धा कळलं.

"अडकलं. मंजिरी, रीळ अडकलं," पराग म्हणाला. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते होत असताना तो फक्त एवढंच चारचारदा म्हणत होता.

त्याने काठी माझ्या डोक्यावरून पुढे केली. दोरा माझ्यासमोर आला. मी टोपी हाताला गुंडाळली आणि दोरा धरला. गळाचं मला काही कळत नाही, पण मी तीन भावांमध्ये वाढले आणि संक्रांतीला पतंग उडवलेत. मासा ओढायला लागला की ढील द्यायची, दमला की भराभर खेचायचं. पतंग वर असतो आणि हा खाली, फरक एवढाच.

"ढील दे, ढील दे," मागून पराग.

"गप्प बस," मी.

दोनदा तो झाडापर्यंत गेला. दोनदा मी त्याला परत आणला. तिसऱ्या वेळी तो कयाकच्या बाजूला वर आला आणि परागने जाळी खाली घातली.

बास मी तोवर फोटोतच पाहिला होता. पाठ हिरवट काळी, पोटाकडे पितळेसारखी झाक, डोळे मोठे आणि चेहऱ्यावर भयंकर नाराजी. आम्ही हात ओले केले. परागने त्याला ओल्या मोजपट्टीवर ठेवलं, पस्तीस सेंटीमीटरच्या जरासा अलीकडे. खरं सांगते, माझ्या मनात त्या क्षणी कोकम, तिरफळ आणि ओलं खोबरं रांगेने येऊन उभे राहिले. मी त्यांना परत पाठवलं.

"तूच सोड," पराग म्हणाला. "तू धरलास."

मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. जरा वेळ तो तसाच राहिला. त्याचे कल्ले उघडत मिटत होते. मग त्याच्या अंगात एकदम जोर आला आणि माझे हात रिकामे झाले. मला इतकं बरं वाटलं की मी काही वेळ हात पाण्यातच ठेवले.

मग आम्ही दोघांनी एकाच वेळी तंबूकडे बघितलं. तंबू वळणाआड होता. तंबूत माझा फोन होता.

"फोटो," पराग म्हणाला. मग जाळी आवरत म्हणाला, "राहू दे."

काठावर आल्यावर त्याने रीळ उघडलं. आतून लाल पाणी निघालं, आणि चाकाच्या बेचक्यातून तांदळाचा एक दाणा. कुंकवाने माखलेला, दोन दिवस पाणी पिऊन टम्म फुगलेला. तो परागने उचलून माझ्या तळहातावर ठेवला. सासूबाईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बघ, पूजा फळली. यावर वाद घालायचा मी प्रयत्न केला. पण रीळ चाललं असतं तर त्या दोऱ्याला माझा हात कधीच लागला नसता, त्यामुळे माझी बाजू लंगडी होती.

परत गिरावीन, कोजागिरी

सोमवारी गाडीत पराग शिट्टी वाजवत होता आणि टपावर कयाकही. सिडनी जवळ आली तसा तो म्हणाला, "ठरलंय ते ठरलंय. फोटो नाही तर बास नाही. मला मिळाला, तू पाहिलास, मला तेवढं बास आहे. गॅरेज तुझं."

तो हे मनापासून बोलत होता, तीच तर अडचण होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. घरी आल्यावर मी गॅरेजचं दार उघडून उभी राहिले. कयाक उतरवण्याआधीचं ते रिकामं, लख्ख गॅरेज. डबे लावायला, बसायला, पंखा ठेवायला जागा. मी दार लावून घेतलं आणि दुधाला वेलदोडे कुटायला गेले.

संध्याकाळी समीरच्या मागच्या अंगणात कोजागिरी होती. गवतावर सतरंज्या, मोठ्या पातेल्यात केशराचं दूध, कुंपणावर नुकताच आलेला चंद्र. मुलं इंग्रजीत विचारत होती की दूध गरम का आहे. सगळ्यांच्या हातात ग्लास आले आणि समीर पंचाच्या आवाजात म्हणाला, "हां मेट, निकाल. फोटो?"

"एक फोन लेकमध्ये पडला," पराग म्हणाला. "दुसरा तंबूत होता."

अंगणभर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, मासे धरणाऱ्यांचे फोन नेहमी बुडतात. कुणी विचारलं, बासच घेऊन गेला का फोन. पराग ग्लासात बघत हसला. "नो वरीज. मी हरलो. कयाक काढतो."

"थांब थांब," समीर म्हणाला. "वहिनींना विचारू. वहिनी, पणाला तुमचं गॅरेज आहे. म्हणजे याच्या बाजूने तुम्ही तरी खोटं बोलणार नाही. जे काय असेल ते सांगा, तुमचा शब्द फायनल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. परागने मान वर केली नाही. त्याला खरंच वाटत होतं की मी गप्प बसेन, आणि त्याची त्याला तक्रारही नव्हती.

"मिळाला," मी म्हटलं.

"काय सांगता. केवढा?"

मी दुधाचा ग्लास गवतावर ठेवला, कारण तो मासा एका हाताने दाखवता येण्यासारखा नव्हता. दोन्ही हात पसरले. ते पसरत गेले आणि मी ते थांबवले नाहीत. थांबले तेव्हा नदीतल्यासारखे दोन बास त्यांच्यामध्ये शेपटीला शेपटी लावून मावले असते.

पराग, ज्याने ऑफिसातून कधी एक पेनसुद्धा घरी आणलं नाही, त्याने माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत सावकाश नजर फिरवली आणि समीरकडे वळून म्हणाला, "थोडा मोठाच होता."